नावापुढं आडवी बाटली

द्राक्षमळ्यात आलात? मग जेवाल कुठे?
४) राहीबाईंची चूल, निंबोणवाडी. खुणा: मिरची, पान, आडवी बाटली.

कार्ड पंजाएवढं होतं, गुळगुळीत, आणि त्यावर राहीबाईचं नाव चौथं होतं. पहिलं वाइनरीचं स्वतःचं हॉटेल, दुसरं हायवेवरचं फॅमिली गार्डन, तिसरी काष्टीतली मटण खानावळ. वाइनरीच्या खोल्यांत शनिवार-रविवार पुण्याची माणसं उतरायची, वेलींच्या रांगांतून हिंडायची, चार ग्लासांतून चार घोट चव घ्यायची, आणि मग त्यांना भूक लागायची. त्या भुकेला वाट दाखवायला हे कार्ड.

केलं ग्लोरियानं. ग्लोरिया म्हणजे राहुरीच्या शलमोन मास्तरांची पोरगी. पुण्यात हॉटेलचं शिकून वाइनरीत पाहुण्यांचं बघायला लागली होती. महिन्यापूर्वी ती कच्चं कार्ड मोबाईलमध्ये घेऊन राहीबाईच्या पत्र्याच्या शेडात आली आणि बाकावर बसून म्हणाली, "मावशी, नावापुढे खुणा टाकायच्यात. मिरची म्हणजे तिखट. पान म्हणजे शाकाहारी मिळतं. आणि ही बघा."

तिसरी खूण राहीबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आडवी बाटली.

सहा वर्षांपूर्वी निंबोणवाडीतल्या बायकांनी मतदान केलं होतं, गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की घालवायचं यावर. चिठ्ठीवर दोनच चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. राहीबाई तेव्हा वस्तीवस्तीवर फिरली. ओल्या बाळंतिणीला रिक्षात घालून मतदानाला आणलं. "आडवी करा बायांनो, आडवी" हे तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की घरात तेलाची बाटली कलंडली तरी शेजारीण म्हणायची, झालं, दुकान बंद झालं.

"ही टाक," राहीबाई म्हणाली. "मिरचीपरीस मोठी टाक."

"नक्की ना मावशी? मला वाटलं होतं, तुम्ही नको म्हणाल."

"नगं कशाला म्हनीन? हिच्यासाठी तर भांडलो आमी."

ग्लोरिया मोकळेपणानं हसली. राहीबाईही हसली. दोघी एका चित्राकडं बघत होत्या आणि दोघींना दोन गोष्टी दिसत होत्या. वाइनरीच्या तळघरात बाटल्या आडव्या निजवून ठेवतात, बूच ओलं राहावं म्हणून. ग्लोरियाच्या हिशेबी त्या खुणेचा अर्थ असा होता: इथे तुमची बाटली घेऊन आलात तरी चालेल.

कार्डं छापली. पाचशे.

कसे पोहोचाल?
काष्टी सोडल्यावर श्रीगोंद्याच्या रस्त्याला वीस मिनिटे. लिंबाच्या बागा संपल्या की डावीकडे पत्र्याची शेड, हिरवे फाटक.

कार्ड बघून आलेले पहिले पाहुणे शनिवारी साडेबाराला पोचले. पांढरी गाडी, सात माणसं. राजनंदिनी नावाच्या बाईनं आदल्या दिवशी फोन केला होता. ती, तिचा नवरा ओम, आणि बाकी पाच जण तिच्या ऑफिसातले. फाटक भीमानं उघडलं. म्हाताऱ्याकोताऱ्याला देतात तसा एकेकाला हात देऊन त्यानं सगळ्यांना खाली उतरवून घेतलं, त्यांच्या पिशव्या घेतल्या, त्यात एक निळी जड पिशवी होती ती दोन्ही हातांनी घेतली, आणि सगळं बाकापाशी नेऊन ठेवलं.

भीमा राहीबाईचा धाकटा भाऊ. काष्टीच्या बाजारात बैलांची दलाली करायचा. सौदा ठरला की पाजायची रीत, आणि भीमाचे सौदे पुष्कळ ठरायचे. पुढं पुढं सौदा ठरला नाही तरी रीत चालू राहिली. त्याची बायको बनुबाई दोन पोरींना घेऊन माहेरी गेली ती दोन वर्षं फिरकली नाही. मग भीमानं सोडली. कशी सोडली हे तो कुणाला सांगत नसे. चौदा महिने झाले होते.

बनुबाई परत आली ती एका अटीवर. आणि अट तिनं नवऱ्याला घातली नाही, नणंदेला घातली.

"वन्सं, त्यांच्या शपथंवर मी येत न्हाई. शपथा लई ऐकल्या. तुमच्या शब्दावर येती. तुमच्या शेडात राहतील, तुमच्या नजरंखाली. पर जिथं बाटली दिसंल तिथं मी दुसरा दिवस काढनार न्हाई."

"शब्द," राहीबाई म्हणाली होती.

तेव्हापासून मागं चुलीपुढं बनुबाई आणि पुढं पाण्याच्या पिंपापाशी भीमा, मध्ये राहीबाई. लोक म्हणायचे, चूल राहीबाईची. राहीबाईला ठाऊक होतं की चूल बनुबाईच्या हातांची आहे आणि ते हात एका शब्दावर टांगलेले आहेत.

काय खाल?
मासवडी आणि रस्सा, बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, ठेचा. शेवटी गव्हाची खीर.

"यात मासा असतो?" ओमनं विचारलं.

"नावात असतो," राहीबाई म्हणाली. "ताटात नसतो."

"म्हणजे फसवणूक झाली की."

"आकार माशाचा, आत तीळ-खोबरं. तुमच्या पुन्यात बटाटेवड्यात वड घालत्यात का?"

सगळे हसले. राजनंदिनी म्हणाली, "ओम, तू गप्प जेव." राहीबाईला बरं वाटलं. पहिला घास घेतल्यावर एका पोरानं डोळे मिटले ते तिनं पाहिलं. ती भाकरी आणायला मागं गेली. बनुबाईच्या तव्यावर भाकरी फुगत होती. चार भाकरी टोपलीत घेऊन राहीबाई पुढं आली आणि पडवीच्या खांबाशी थांबली.

टेबलाच्या मधोमध बाटली होती. उभी. बूच काढलेलं. सात ग्लास वाइनरीचेच असावेत, काचेचे, लांब दांड्यांचे. चार भरून झाले होते. पाचव्यात लाल धार पडत होती.

"हे काय," राहीबाई म्हणाली. आवाज तिनं घशातच ठेवला.

"तुमच्या कार्डावर आहे ना," ओम म्हणाला. त्यानं खिशातून कार्ड काढून बाटलीच्या चित्रावर बोट ठेवलं. "म्हणून तर चारातून तुम्हाला निवडलं. बाकी कुठे आपली बाटली नेऊ देत नाहीत."

राहीबाईनं चित्राकडं बघितलं. मिरचीपेक्षा मोठं होतं.

तीन शब्द पुरेसे होते. बाटली गाडीत ठेवा. पण तिच्या पाठीमागं सहा पावलांवर, पिंपाच्या आडोशाला, भीमा लिंबं चिरत बसला होता. त्याच्याकडून टेबल दिसत नव्हतं, पण बोललेलं सगळं ऐकू जात होतं. तिनं बाटलीचं नाव घेतलं असतं तर ते आधी त्याच्या कानात पडलं असतं.

तिनं टोपली टेबलावर ठेवली आणि वळली.

"भीमा. काष्टीला जाऊन ये बाबा. जिलबी आन."

"जिलबी?" भीमाची सुरी थांबली. "आत्ता?"

"पाव्हणे मागत्यात. गरम आन. घान्यातनं काढलेली."

भीमा तिच्या तोंडाकडं बघत राहिला. जरा जास्तच वेळ. मग लिंबं झाकली, हात पुसले आणि म्हणाला, "दे मग पैसे."

मोटारसायकल फाटकाबाहेर पडली तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

किती वेळ लागेल?
निवांत जेवायला दीड तास हाताशी ठेवा.

जायला वीस. यायला वीस. जिलबीला दहा. राहीबाईनं फाटकापाशी जाऊन ग्लोरियाला फोन लावला.

"पोरी, आडवी बाटली म्हंजे काय ठेवलंस तू?"

"म्हणजे बाटली आणली तरी चालते. का मावशी, आले का पाहुणे?"

"अगं, आडवी म्हंजे बंद."

"बंद? बंद कशी? आमच्या तळघरात सगळ्या आडव्याच असतात."

"आमच्या गावात मत टाकलं हुतं तिच्यावर. आडवी म्हंजे दुकान बंद, बाटली बंद, सगळं बंद."

ग्लोरिया हळू म्हणाली, "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं. मी राहुरीची. मी तिकडं येऊ का?"

"तू येऊन काय करशील?"

"त्यांना सांगू का फोनवर, बाटली ठेवा म्हणून?"

राहीबाईनं विचार केला. सांगितलं तर आता सांगायचं, आणि ओरडा झाला की बनुबाई बाहेर येणार. नाही सांगितलं तर? भीमा गेलेलाच आहे. पन्नास मिनिटांत बाटली रिकामी होईल, ग्लास धुऊन होतील, गाडी जाईल, आणि भीमा येईल तेव्हा टेबलावर खिरीच्या वाट्या असतील. कुणाला काही कळायचं कारण नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग निंबोणवाडीनं कधी बघितलं नव्हतं ते झालं. जिनं बाळंतिणीला रिक्षात घालून मतदानाला नेलं होतं ती राहीबाई पाहुण्यांच्या टेबलापाशी उभी राहिली आणि पिण्याचा आग्रह करू लागली.

"घ्या की. ग्लास तसाच हाय तुमचा."

"घेतो, घेतो. याला घाई करायची नसते, काकू," ओम म्हणाला. "हिला जरा हवा लागू द्यावी लागते."

"लागली की हवा. घ्या."

"तुम्ही पण घ्या ना थोडी."

"मला नगं. तुमी संपवा."

राजनंदिनीनं तिच्याकडं नवलानं बघितलं. "किती मोकळ्या आहात तुम्ही," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं होतं, गावात नाकं मुरडतील."

राहीबाई हसली. हसताना तिची नजर शेडातल्या घड्याळावर होती. एक वीस. एक पंचवीस. ज्या पोरानं डोळे मिटले होते तो आता मासवडीचे फोटो काढत होता. एक जण मळ्याबद्दल बोलत होता, त्याच्या ग्लासात दोन बोटं तशीच. दारू पिणारी माणसं तिनं आयुष्यभर बघितली होती, पण इतकी सावकाश पिणारी माणसं बघितली नव्हती. भीमानं ही बाटली पाच मिनिटांत संपवली असती, असं तिच्या मनात आलं आणि तिनं ते लगेच पुसून टाकलं.

एक चाळीसला बाटली रिकामी झाली. राहीबाईनं ती स्वतः उचलली, पदराखाली धरली आणि श्वास सोडला.

तेव्हा ओम वाकला आणि निळ्या पिशवीतून दुसरी काढली.

वातावरण
घरगुती.

शेंगोळ्यांचं भांडं घेऊन बनुबाई स्वतःच बाहेर आली. हाका मारून दमली होती. तिनं दुसरी बाटली बघितली, सात ग्लास बघितले, नणंदेच्या पदराखालून डोकावणारा बाटलीचा गळा बघितला. सातही ताटांत शेंगोळे वाढले, एकसारखे, एक थेंब सांडू न देता. भांडं टेबलावर ठेवलं आणि मागं निघून गेली.

राहीबाई तिच्या मागून गेली.

"ते कुठं हायती?" बनुबाईनं विचारलं. ती चुलीपुढं बसली नव्हती, उभी होती.

"काष्टीला धाडलं."

"कशाला?"

"जिलबीला."

बनुबाईनं खिरीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, आत बघितलं, झाकण परत ठेवलं.

"आज वार कंचा, वन्सं?"

राहीबाईच्या हातातली बाटली जड झाली. शनिवार. काष्टीचा बाजार. बैलांच्या दावणी, जुने दलाल, हातात हात घालून रुमालाखाली ठरणारे सौदे आणि सौद्यानंतरची रीत. जिलबीची कढई बाजाराच्या तोंडाला, आणि तिच्यापासून वीस पावलांवर ते दुकान, ज्याच्या पाटीवर वाइन लिहिलेलं असतं आणि आत सगळं मिळतं.

"मी त्याला बाटलीपासनं लांब..."

"लांब न्हाई केलं," बनुबाई म्हणाली. "पोचवलं."

"ऐक माझं."

"हितं दोन बाटल्या हुत्या आन् आपण दोघी हुतो. तिथं दुकान हाय आन् पाजनारे हायती. वर खिशात पैसं तुमीच घातलं."

"मला वाटलं, त्याच्या नजरंला पडू नये."

"आन् माझ्याबी. ही हितं आलीच कशी?"

राहीबाईनं कार्डाचं सांगितलं. सगळं सांगितलं, मिरचीपेक्षा मोठी टाक म्हटलेलंही सांगितलं. बनुबाई ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "सहा वर्सं आडवी आडवी करून गाव डोक्यावर घेतलं. आन् शेवटी त्या आडव्या बाटलीनंच आत यायला वाट काढली की."

"फोन लावते त्याला."

फोन लावला. तो शेडातच वाजला, फळीवर, चार्जिंगला लावलेला.

दोघी त्या वाजणाऱ्या फोनकडं बघत राहिल्या. वाजून थांबला.

बनुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "साडेतीनची एसटी हाय," ती म्हणाली. "पोरी शेजारच्या आजीकडं खेळायला गेल्यात. तीनला त्यांना घिऊन येती. तवर बघती."

लवकर आला तर: टेबलावर बाटली.

उशिरा आला तर: काष्टीत दुकान.

एक पंचावन्न. वेळेवर यायचा असता तर आत्ता आला असता. राहीबाई टेबलावर पाणी वाढत होती आणि रस्त्याकडं कान लावून होती. मघाशी ती म्हणत होती, येऊ नको बाबा, इतक्यात येऊ नको. आता म्हणत होती, ये. आणि दर वेळी मोटारसायकलचा आवाज आला की दोन्ही एकदम म्हणत होती.

दोन दहा. पहिली मोटारसायकल. पुढं गेली.

दोन वीस. दुसरी. लिंबाच्या बागेतला राखणदार, फाटकावरून हात करून गेला.

"आणि ती जिलबी?" ओमनं विचारलं. त्याचे कान लाल झाले होते. "तुम्ही कुणाला तरी पाठवलं ना मघाशी? आम्ही मागवली नव्हती, पण आता खावीशी वाटायला लागली."

"येईल," राहीबाई म्हणाली.

दोन तीस. बाटलीत निम्मी शिल्लक.

काय टाळाल?

(या ओळीपुढं ग्लोरियानं काही छापलं नव्हतं.)

दोन चाळीसला मोटारसायकल फाटकाशी येऊन थांबली. इंजिन बंद झालं. फाटक मात्र उघडलं नाही.

राहीबाई पळत गेली नाही. पळाली असती तर पाहुण्यांनी माना वळवल्या असत्या. ती चालत गेली, आणि ते तीस पावलांचं अंगण तिला इतकं लांब कधीच वाटलं नव्हतं. भीमा गाडीवरून उतरून उभा होता. दोन पाय जमिनीवर, सरळ. एका हातात कागदाचा पुडा, तेल पार बाहेर आलेलं. ती त्याच्या डोळ्यांकडं बघू लागली आणि त्यानं ते बघू दिले.

"आत ये," ती म्हणाली.

"संपली का बाटली?"

राहीबाईनं वळून टेबलाकडं बघितलं.

"निळी पिशवी मीच उतरवली, आक्का. हातात घेतली तवाच वाजली. तो आवाज मला झोपंतबी कळंल."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू बोलशील म्हनून. लिंबं चिरत वाट बघत हुतो. वाटलं, येईल आन् म्हनंल, भीमा, पाव्हन्यांनी आनलीया, तू घडीभर मागं चुलीपाशी बस. बसलो असतो. तू जिलबी सांगितलीस." तो थांबला. "म्हनलं, हिलाबी खात्री न्हाई. मग कशाला आवरायचं."

राहीबाईनं फाटकाचा गज धरला.

"दुकानापुढनं दोनदा गेल्तो," भीमा म्हणाला. "पयल्यांदा रस्ताच तिकडनं हाय. दुसऱ्यांदा रस्ता नव्हता."

"आन् तिसऱ्यांदा?"

"जिलबीवाल्याच्या बाकड्यावर बसून ऱ्हायलो. त्यानं चारदा इचारलं, किती पायजे. सांगायला तोंडच उघडत नव्हतं. उघडलं असतं तर दुसरंच मागितलं असतं." त्यानं पुडा फाटकावरून तिच्या हातात दिला. "न्हाई घेतली. पर बाजारातनं इतक्या लांब आलोय ते घरात यायला, परत तिच्याचपुढं उभं ऱ्हायला न्हाई. ती आत हाय तवर मी आत येत न्हाई. आज न्हाई जमायचं."

"दहा मिनटात जातील ते."

"मग दहा मिनटं मी हितं उभा ऱ्हातो. नाय तर परत गाडी चालू करतो. मला ठावं न्हाई यातलं काय हुईल. खरं सांगतो."

राहीबाई वळली.

टेबलापाशी आल्यावर तिनं पुडा खाली ठेवला. ओमनं हात पुढं केला, "आली का शेवटी."

"बाटली उचला," राहीबाई म्हणाली.

"काय?"

"बाटली उचला आन् गाडीत ठेवा. आत्ता."

"काकू, आत्ता तर तुम्हीच आग्रह..."

"केला. चूक केली. कार्डावरची खूनबी माझी चूक. तुमची न्हाई." तिचा आवाज आता घशात नव्हता, पार मागं चुलीपर्यंत जात होता आणि ती जाऊ देत होती. "फाटकाशी माझा भाऊ उभा हाय. लई प्यायचा. चौदा महिने झाले, पीत न्हाई. तुमची बाटली बघून मी त्याला खोटं सांगून लांब धाडला, तो दारूच्या दुकानापुढनं माघारी आला. बाटली हितं हाय तवर तो आत येनार न्हाई."

फोटो काढणाऱ्या पोरानं मोबाईल खाली ठेवला. ओम फाटकाकडं बघून म्हणाला, "शेवटचा राउंड राहिलाय. पाच मिनिटं. ते तिथे सावलीत थांबले तर..."

"ओम," राजनंदिनी म्हणाली.

"अगं, मी काय वाईट बोललो? आपण काही त्यांना पाजत नाही आहोत."

राजनंदिनी उठली. तिनं बुचासाठी टेबलावर हात फिरवला, बूच सापडेना, तेव्हा बाटलीच्या तोंडावर रुमाल दाबला. मग एकेकाच्या पुढचे ग्लास गोळा केले, भरलेले आणि निम्मे, आणि बागेच्या बांधाशी नेऊन रिकामे केले. ओम बघत राहिला. गाडी फाटकाबाहेर होती. बाटली घेऊन तिला फाटकातून जावं लागणार होतं, आणि फाटकात भीमा होता.

राहीबाईला हे आता सुचलं. "द्या माझ्याकडं," म्हणून ती पुढं झाली, पण राजनंदिनी निम्म्या अंगणात पोचली होती.

पडवीत बनुबाई येऊन उभी राहिली.

भीमानं बाई येताना बघितली, तिच्या हातातलं बघितलं. एक पाऊल मागं सरला. मग कडी काढली आणि फाटक पूर्ण उघडून धरलं, पाहुण्यांसाठी दुपारी धरलं होतं तसं. ती त्याच्या छातीपासून हातभर अंतरावरून गेली. रुमालातून वास आला असणारच. भीमानं मान वळवून रस्त्याकडं बघितलं आणि गाडीचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत तिकडंच बघत राहिला.

"माफ करा, दादा," परत येताना राजनंदिनी म्हणाली.

"तुमचं काय न्हाई, ताई," भीमा म्हणाला. "जिलबी खा. गार हुईल."

पण ते जिलबी खायला थांबले नाहीत. खीर मात्र खाल्ली, सगळ्यांनी, न बोलता, शाळेत बाईंनी बसवल्यासारखं. जाताना ओम राहीबाईला म्हणाला, "कार्ड बदलून घ्या." वाईट बोलायचं म्हणून नाही म्हणाला. नुसतंच म्हणाला.

अभिप्राय
(कार्डाच्या मागे जागा सोडली आहे.)

पाहुणे गेल्यावर भीमा मागं आला आणि चुलीजवळ उकिडवा बसला. बनुबाई त्याच्यापाशी आली. तोंडाजवळ जाऊन वास घ्यायचा ही तिची जुनी सवय होती. ती वाकली, अर्ध्यात थांबली, आणि तांब्या उचलून त्याच्या पुढं ठेवला.

"हात धुवा. सकाळपासनं जेवला न्हाई."

तिनं ताट वाढलं. रस्त्यावर साडेतीनची एसटी आली, फाटकापाशी जरा हळू झाली, कुणी हात केला नाही म्हणून पुढं गेली.

राहीबाई उंबऱ्यावर बसली होती. आत जायला तिचा पाय उचलत नव्हता. तिचा फोन वाजला. ग्लोरियाचा. ती ऐकत राहिली, "हां," म्हणाली, "हां," म्हणाली, "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

भीमा आणि बनुबाई दोघांनीही काही विचारलं नाही. म्हणजे आता गप्प बसायचं की बोलायचं हे तिच्यावरच होतं. खीर चांगली झालीय, उद्या सुट्टी घेऊ, बनुच्या माहेरी जाऊन या दोघं, असं काहीबाही तिच्या जिभेवर आलं. जिलबीसारखंच, गरम गरम, सोयीचं.

"भीमा," ती म्हणाली. "कार्डं वाटून झाल्यात. ग्लोरिया खोल्यांतली गोळा करतीया, पर निम्मी लोक घिऊन गेल्यात. म्होरं कैक दिस कोन बाटली घिऊन फाटकात उभं ऱ्हाईल, सांगता येत न्हाई. मला थांबवता येतील त्यास्नी थांबवीन. समद्यांना जमंल असं न्हाई."

भीमानं घास तोंडात घातला नव्हता. तो हातातच होता. बनुबाई तव्याकडं बघत होती, पण तव्यावर भाकरी नव्हती.

"आन् उद्याचे नऊ जन ठरलेत, कार्ड बघूनच," राहीबाई म्हणाली. "त्यांचा फोन लागंना तिला."

चुलीत लाकूड तडकलं. भीमानं घास खाल्ला, पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला.

"किती वाजता?" त्यानं विचारलं.

"एकला."

त्यानं बनुबाईकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती. मग त्यानं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.